चौथ्या जागेवरची बाई

फोनवर आधी दिसली ती फणी. मग फणी धरलेला हात. गोरापान पण म्हातारा, निळ्या शिरा वर आलेला, मनगटावर तपकिरी ठिपके पडलेला. आणि त्या हाताखाली भाग्यश्रीचे केस. शिरूरच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात जिन्याखाली कामावरच्या आयांची एक खोली होती. फिनेलचे कॅन, बादल्या आणि जेवणाचे डबे तिथे एकाच फळीवर शेजारी म्हणून नांदायचे. त्या खोलीत उभ्याउभ्याच मायाने फोन उचलला होता. इथली दुपार म्हणजे तिकडे जर्मनीत सकाळ, लेकीची कॉलेजला निघायची वेळ. ‘जेवलीस का’ विचारायचं, ‘थंडी किती हाय’ विचारायचं आणि डबा उघडायचा, हा रोजचा शिरस्ता. पण आज मध्ये फणी आली. "मम्मी, घाबरू नको हां, काही झालेलं नाहीये," असं भाग्यश्री म्हणाली. खरंच काही झालेलं नसलं तर ही पोरगी असं कशाला म्हणेल? मग तिने उजवा हात वर केला. कोपरापर्यंत प्लास्टर.

हॉस्टेलच्या दारातच बर्फावरून पाय घसरला होता. "कवा?" मायाने विचारलं. "झाले दोन आठवडे." म्हणजे मधले दिवस ‘नेट चालत नाहीये, नुसतं बोलू’ म्हणत होती ते यासाठी. "तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस, मम्मी. आणि मी एकटी नव्हते गं. ही इंगे. कुत्र्याला फिरवत होती, मी पडलेली दिसले. हिनेच उचललं. दवाखान्यात दिवसभर माझ्यापाशी बसून होती, ओळख ना पाळख. आता रोज सकाळी येते वेणी घालायला. एका हाताने जमतच नाही ना." मागची बाई वाकली, पडद्यात तिचा चेहरा आला, आखूड पांढरे केस, लाल नाक, पुढचे दोन दात जरा मोठे. फणी हलवून ती हसत म्हणाली, "हॅलो, माया!" मायाला कसंतरीच झालं. तिला नुसतं माया म्हणणारी माणसं आता उरली होती किती? नवरा, आणि माहेरची दोन म्हातारी. ही कोण चौथी?

"जय भीम बोल ना तिला, ती शिकलीये," भाग्यश्री म्हणाली. माया म्हणाली. आणि मग ते झालं, ज्याबद्दल पुढे कितीतरी दिवस ती स्वतःशीसुद्धा धड बोलली नाही. इंगेची फणी डाव्या कानामागून गेली आणि अडकली. इंगेने ओढली. भाग्यश्रीचा डावा डोळा बारीक झाला, ओठ एका बाजूला गेला, तेवढंच. इंगेला मागून ते दिसणं शक्य नव्हतं. मायाला दिसलं. कानामागे केसांच्या मुळाशी टाके घातलेली एक गाठ आहे, मुगाच्या दाण्याएवढी, आणि तिथून फणी सरळ नेली की ठणका डोळ्यात उतरतो, हे पृथ्वीच्या पाठीवर मायाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सांगायला तोंड उघडायचा अवकाश होता. तिने उघडलं नाही. फणी आणखी एकदा गेली, डोळा आणखी एकदा बारीक झाला, आणि मायाच्या छातीत, अगदी बरगड्यांच्या आत, काहीतरी गोड पाझरलं. हिला न्हाई म्हाईत. एवढंच ते वाक्य. हिला न्हाई म्हाईत.

"आणि मम्मी, एक विचारायचं होतं," भाग्यश्री म्हणाली. हॉस्टेलची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इंगेचं घर त्याच गल्लीत, तळमजल्यावर, एक खोली रिकामी. प्लास्टर निघेपर्यंत, परीक्षा होईपर्यंत तिथे राहायला ये म्हणते. "तिचेही गुडघे गेलेत गं. माझ्यासाठी रोज चार जिने चढते. पण तू हो म्हटलीस तरच जाईन, नाहीतर नाही." माया म्हणाली, "पप्पांना इचारते." फोन बंद झाला. डबा उघडला तर भाजी कशाची आहे ते तिला कळेना. घास तोंडात फिरत राहिला, आणि फिनेलचा वास.

केसांचं म्हणाल तर ते कधीकाळी मायाचेच होते. पोरीचे, पण मायाचे. दर रविवारी उन्हात पाट टाकून, पोरीला गुडघ्यांच्या मध्ये धरून, कोमट तेल टाळूवर ओतायचं आणि बोटं फिरवायची. पोरगी डुलक्या घ्यायची, तिचं डोकं मायाच्या मांडीवर कलंडायचं, ते ओझं अजून मांडीत होतं. डाव्या कानामागे आली की माया फणी ठेवायची, केस दोन बोटांत मुळाशी घट्ट धरायची आणि खालच्या टोकाकडून गुंता सोडवत वर यायची. पोरीला कधी कळलंसुद्धा नाही की तिथे वेगळं काही करावं लागतं. मग दहावी झाली आणि एका रविवारी पाट तसाच राहिला. "तेल नको गं मम्मी, चिपचिप होतं." पुण्याला इंजिनिअरिंगला गेली ती मानेपर्यंत केस कापूनच आली. मायाने तेव्हा काही म्हटलं नाही. मोठ्याने बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सा म्हणायच्या, मावशी बोलली की कान पुढे करावा लागतो. फक्त त्या रविवारी तिने तेलाची वाटी परत बरणीत ओतली, आणि बोटांना लागलेलं तेल स्वतःच्या केसांना पुसलं. आता तिकडे केस पुन्हा वाढले होते. कमरेपर्यंत आले असतील. आणि पोरगी एका परक्या बाईपुढे मान कलती करून बसली होती. तस्संच.

संध्याकाळी रांजणगावच्या कंपनीची बस मच्छिंद्रला, मायाच्या नवऱ्याला, चौकात सोडून गेली. हातपाय धुऊन तो बसला तेव्हा मायाने हाताचं सांगितलं. तो घाबरला, लगेच फोन लावायला निघाला, मग ऐकत बसला. "काय नाव म्हणलीस? इंगे?" चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "इंगळे आसंल गं. इंगळेबाई. आपल्याच पावण्यातली निघायची, बघ. आकोल्याकडनं गेली आसंल." स्वतःच्याच विनोदावर तो खदखदून हसला आणि मग डोळे पुसत म्हणाला, "न्हाई, पण भली बाई हाय. रस्त्यावरचं लेकरू कोन उचलतं आता?" मायाने बशीत सांडलेला चहा फडक्याने टिपला. खोलीचं ती बोलली नाही. बोलेन की, आधी जेवू दे. जेवण झाल्यावर, झोपू दे, थकलेत. असं करत रात्र गेली आणि न सांगितलेली गोष्ट घरात एखाद्या भांड्यासारखी ठेवली गेली, येता-जाता पाय लागेल अशी.

पहाटे अंघोळ करून, मेणबत्ती लावून, बाबासाहेब आणि बुद्धांच्या फोटोपुढे बसायचं हा मायाचा नेम लग्नाआधीपासूनचा. त्रिशरण, पंचशील, आणि मग मैत्री भावना. ही भावना ती दौंडच्या विहारात शिबिराला गेली होती तिथे शिकलेली. शिकवणाऱ्या अनिताताईंनी सांगितलं होतं, मनात चार जागा मांडायच्या. पहिल्या जागेवर आपण स्वतः. दुसऱ्या जागेवर आपलं जिवाभावाचं. तिसऱ्या जागेवर असं कुणी ज्याचं आपल्याला ना चांगलं ना वाईट. रोज दिसतो, नाव ठाऊक नाही. आणि चौथ्या जागेवर, ज्याच्याकडे बघून आपलं मन खुपतं. चौघांनाही सारखंच म्हणायचं, सुखी राहा, निरोगी राहा. मायाच्या दुसऱ्या जागेवर भाग्यश्री कायमची बसलेली. तिसरीवर कधी पेपरवाला, कधी एसटीचा कंडक्टर. चौथी जागा बरीच वर्षं ओस होती, शिबिरात तिने अनिताताईंना विचारलंही होतं, "ताई, माझं कुनाशीच वाकडं न्हाई, मी कुनाला बसवू?" ताई हसून म्हणाल्या होत्या, "येईल गं कुणीतरी. जागा झाडून ठेव." फोनच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माया तिसरीपर्यंत गेली आणि पुढे बघते तर इंगे. फणी हातात घेऊन, मोठे दात काढून, आरामात बसलेली. मायाने तिला उठवून तिसऱ्या जागेवर नेऊन बसवलं. ती परत चौथीवर. काय केलंय हिने तुझं? लेकरू उचललं. दवाखान्यात बसली. गुडघे दुखत असताना चार जिने चढते. सुखी राहा, निरोगी राहा, असं म्हणायला मायाने श्वास घेतला आणि तो श्वास नुसताच बाहेर आला.

कधी वाटायचं, ही जळजळ नव्हेच, ही काळजी आहे. परक्याचं घेतलं की त्याखाली दबून राहावं लागतं, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. वडगाव रासाईला तिची आई, पार्वतीबाई, एका बागायतदाराच्या वाड्यावर धान्य निवडायला जायची. निघताना मालकीणबाई जुनं पोलकं द्यायची, कधी भाकरी. पायरीवर उभी राहून वरून सोडायची आणि पार्वतीबाई खालून पदर धरायची. देताना बाईचं बोट कधी लागलं नाही. माया आईच्या मागे उभी राहून ते पडणारं पोलकं बघायची. दया ही अशी, वरून पडते, आणि ती झेलताना मान वर करता येत नाही. पुढे ते गेलं. बाबासाहेबांच्या मागून चालणाऱ्या घराने कुणाचं वरून पडलेलं घ्यायचं नाही हे तिने भाग्यश्रीला दुधाबरोबर पाजलं. आणि आता ही बाई. हिची दया मागून येत होती, पोरीच्या डोक्याला डोकं टेकेल इतकी जवळून, आणि हिचं बोट लागत होतं. नुसतं लागत नव्हतं, केसांत फिरत होतं. अशा दयेला नको म्हणायचं कसं, हे मायाला कुणी शिकवलं नव्हतं. वरून पोलकं टाकलं असतं तर बरं झालं असतं. राग तरी नीट आला असता.

त्या दुपारी फोनवर फणी होतीच. "विचारलंस का पप्पांना?" "व्हय." आणि मग, आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकत, माया म्हणाली, "नको म्हंतेत. परक्याच्या घरात ऱ्हाऊ नको म्हंतेत." "पप्पा म्हणाले असं?" "व्हय." "बरं." तिने मागे वळून इंगेला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. इंगेचं हसू थोडं कमी झालं, मग तिने मान हलवली आणि फणी पुन्हा केसांत घातली. मायाने फणीवर नजर ठेवली. डावा कान आला. डोळा बारीक झाला. आज गोड काही पाझरलं नाही. जिभेवर तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव आली.

पहाटे मेणबत्तीपुढे पंचशील म्हणताना ती चौथ्या शीलापाशी आली. खोटं बोलण्यापासून मी अलिप्त राहीन. हे शब्द तिने हजारो वेळा म्हटले होते, त्यांना तिच्या तोंडाची घडी पडली होती, आणि आज तोंडच मिटलं. तिसऱ्यावरून ती थेट पाचव्यावर गेली, आणि पाचवं मुद्दाम जरा मोठ्याने म्हटलं. ओट्यावर चहा पीत बसलेला मच्छिंद्र आतून येणारे शब्द रोज ऐकायचा. स्वतः म्हणायचा नाही, पण ऐकायचा. "आज एक गाळलंस का गं?" त्याने विचारलं. "म्हणलं की मनात," माया म्हणाली. म्हणजे एका खोट्यावर दुसरं. चार आणि चार. चौथी जागा, चौथं शील, लेकीच्या खोलीचा चौथा मजला. सगळं त्याच पायरीवर अडतंय असं तिला वाटलं आणि या असल्या जुळवाजुळवीचा तिला संताप आला.

दवाखान्यात त्या आठवड्यात रिंकी होती. बिहारकडची, नवरा रांजणगावला कंपनीत, जवळ बाईमाणूस कुणी नाही. सिझर झालेलं, मुलगा. केसांच्या नुसत्या जटा झाल्या होत्या. मायाने हातातलं काम झाल्यावर नेहमीसारखी तेलाची बाटली आणि फणी घेतली. अशा कितीतरी पोरींचे केस तिने विंचरले होते, त्यांची नावंही तिला आठवत नव्हती. ते काही काम नव्हे की पुण्यही नव्हे, पोरीचं डोकं समोर आलं की हात आपोआप जायचा. रिंकीने तेवढ्यात आईला फोन लावला आणि उशीला टेकवून ठेवला. पलीकडे नुसता पदर आणि एक डोळा, इतक्या जवळून धरलेला फोन. "कौन है ये?" आवाज आला. "मौसी हैं, अम्मा. अस्पताल की." मग, "ऊपर से क्यों खींच रही हैं? टूट जाएगा. और तेल कौन सा है? नारियल? उसको सरसों लगता है, नारियल से सर्दी होती है उसको." मायाचा हात थांबला. तुमच्या लेकीच्या जटा सोडवतेय, दोन शब्द गोड बोलायचे सोडून वर शिकवता? एवढं हाय तर या की हिकडं. हे सगळं ओठापर्यंत आलं. आणि मग तिने तो डोळा नीट पाहिला. पाळण्यात नातू होता, पहिला, फोनपासून हातभर अंतरावर. बाई त्याच्याकडे बघतच नव्हती. तिचा डोळा फणीबरोबर फिरत होता. फणी वर गेली की वर, खाली आली की खाली. फणी कुठे अडकते त्याची वाट बघत होता. तो डोळा मायाला ओळखीचा होता. तो कुठल्या आरशात दिसला नव्हता तिला, पण आतून त्यातूनच ती कितीतरी दिवस बघत होती.

माया पलंगाच्या कडेला बसली. तिने फोन उचलून जरा उंच धरला, रिंकीचं डोकं सगळं दिसेल असा. "अम्मा, आप बोलो," ती म्हणाली, नेहमीसारखं हळू. "कहाँ से सुलझाऊँ?" पलीकडे पदर बाजूला झाला, पूर्ण चेहरा आला; मायापेक्षा लहानच असेल बाई. "नीचे से," ती म्हणाली. "और माँग बीच में मत निकालिएगा. दाहिने से. बीच में उसको अच्छा नहीं लगता." रिंकी हसली, "अम्मा, कुछ भी!" पण मायाने उजवीकडून भांग पाडला. वेणी होत आली तेव्हा ती बाई म्हणाली, "आपकी बेटी है?" "है. दूर है." "उसका बाल कौन करता है?" प्रश्न साधाच होता, बायका विचारतात तसा. मायाने वेणीला रबर लावलं, दोनदा पीळ दिला. "है एक," ती म्हणाली. "पोरीच्या मागं उभी ऱ्हाते आन् करते." ते मराठीत म्हटलं गेलं, पण पलीकडची बाई मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला माया पांढरं नेसायची आणि अष्टशील पाळायची. दुपारचे बारा टळले की दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत अन्न नाही. त्यामुळे त्या दिवशी डबा लवकर उघडायचा, हे नर्सांनासुद्धा माहीत. "मावशे, जेवून घे, मग बोलत बस," एक जण जाताजाता म्हणाली. मायाने डबा फळीवरून काढला, समोर ठेवला, आणि फोन लावला. आज तिने लावला. भाग्यश्री चकित झाली. मागे इंगे होतीच, धापा टाकत, नुकती जिने चढून आलेली, कोटही काढला नव्हता; फणी मात्र हातात.

"तिला सांग," माया म्हणाली, आणि घसा खाकरला, "तिला सांग, डाव्या कानामागनं फणी सरळ वढायची न्हाई. तिथं गाठ हाय टाक्याची. केस मुळाशी दोन बोटांनी धरायचं गच्च, आन् खालनं वर यायचं. मग दुखत न्हाई." भाग्यश्रीचा हात, मोकळा होता तो, कानामागे गेला. "हे तुला... तुला दिसलं होतं, मम्मी?" "व्हय." "कधी?" "पहिल्याच दिशी." भाग्यश्री तिच्याकडे बघत राहिली. ‘मग बोलली का नाहीस’ हे तिने विचारलं नाही. ते तिच्या चेहऱ्यावर आलं आणि तिथेच राहिलं. माया डब्याच्या झाकणावरची कडी वरखाली करत होती. "आन् दुसरं. पप्पा न्हाई म्हणलं न्हवतं. त्यांना मी इचारलंच न्हाई. मीच म्हणलं. तू जा तिच्याकडं ऱ्हायला. आजच जा. चार जिनं चढून त्या बाईचा जीव जाईल." भाग्यश्रीचं नाक लाल झालं, इंगेसारखंच. मग तिने मान वळवली आणि इंगेला काहीतरी सांगितलं. किती सांगितलं, कुठलं गाळलं, मायाला कळायचा मार्ग नव्हता.

इंगेने फणी ठेवली. कोटाच्या बाह्या वर केल्या, बोटांनी केस बाजूला केले आणि वाकून कानामागे पाहिलं, अगदी जवळून, चष्मा कपाळावर सारून. तिच्या बोटाचं टोक त्या गाठीवर टेकलेलं मायाला इथे, जिन्याखाली, स्वतःच्या बोटाच्या टोकाला जाणवलं. इंगे काहीतरी म्हणाली. "काय म्हणली?" "विचारतेय, हे कशानं झालं."

वडगाव रासाईचा भीमेचा घाट. धुण्याचा दगड, ओला. चार वर्षांची पोर आणि तिचा तो आवाज, जो पडल्यानंतर लगेच आला नाही, मध्ये एक भयंकर रिकामी जागा गेली आणि मग आला. पिळून ठेवलेलं पातळ तिच्या डोक्याला गुंडाळताना पाण्यात उतरलेला रंग. न्हावऱ्याच्या दवाखान्यापर्यंत मांडीवर धरलेलं ते डोकं, दाबून, दाबून, जणू हात काढला तर पोरगी त्यातून निघून जाईल. भाग्यश्रीला यातलं काही आठवत नाही. आठवायला त्या वेळी फक्त माया होती.

"तिला म्हणाव, मी सांगीन," माया म्हणाली. "कवातरी. तू नको सांगू. ते मी सांगीन."

भाग्यश्रीने तसं सांगितलं असावं. इंगेने फोनकडे, थेट मायाकडे पाहिलं, या वेळी न हसता, आणि मान हलवली. मग तिने दोन बोटांत केस धरले, मुळाशी, गच्च, आणि फणी खालून लावली. एकदा. मग जरा वर. मग आणखी वर. भाग्यश्रीचे डोळे मिटले. आधी बारीक झाले नाहीत, नुसते मिटले, आणि मान हळूहळू मागे त्या कोटावर कलंडली. माया बघत राहिली. तिचा अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट एकमेकांवर घट्ट दाबलेले होते, मध्ये काही नसताना. बरगड्यांच्या आत तिथेच जळत होतं, कमी नाही, जास्त नाही. सुखी राहा, ती ओठातल्या ओठात म्हणाली, आणि हे दोघींपैकी कुणाला, ते तिने ठरवलं नाही. बाहेर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावरून पुढे गेला होता. डबा न उघडताच तिने परत फळीवर ठेवला, बादलीशेजारी, आणि वेणी पुरी होईपर्यंत फोन तसाच धरून उभी राहिली.